बारा जूनचे पान

गुरुवार, ता. ३ ऑगस्ट १९६७
सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार.

पत्र लिहायला घेतले तेव्हा मी फेब्रुवारीची पाने तपासत होतो. मशीनचा पट्टा तुटला आहे. तो शिवून येईपर्यंत सगळे मोकळे बसले आहेत, म्हणून ही सवड.

बातमी अशी की, रोज एक पान फाडायचे ते कॅलेंडर, आपल्या घरी चुलीवरच्या खिळ्याला असते तसले, पुढच्या वर्षीचे आमच्या छापखान्यात छापणार आहेत. वर मोठा आकडा, खाली वार आणि त्याखाली बारीक अक्षरात दोन ओळी: त्या दिवशी पूर्वी जगात काय घडले. त्या ओळी निवडायचे, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि तपासायचे काम मालकांनी माझ्याकडे दिले आहे. एक जाडजूड पुस्तकही दिले आहे. त्यात तारीखवार लढाया, राजे, शोध, बुडालेल्या बोटी, सगळे आहे. एकोणतीस फेब्रुवारीला मात्र मनासारखे काही सापडेना, तेव्हा मी तिथे ‘वेळेचे मोल जाणा’ असे घातले. मालक म्हणाले, “वेलांटी, चार वर्षांनी एकदा उगवणाऱ्या दिवसाला तू वेळेचे मोल शिकवतोस?”

वेलांटी हे माझे इथले नाव. दुसऱ्याची वेलांटी चुकली तरी याला झोप लागत नाही, असे मशीनवाला येईल त्याला सांगतो. सातवी नापास माणसाने अक्षराच्या बाबतीत इतके सोवळे असावे याचे त्यांना हसू येते. मला मात्र खरोखर काळजी वाटते. एका लढाईची तारीख चुकली तर हजारो घरांच्या भिंतीवर चूक टांगली जाईल. म्हणून पुस्तकातली प्रत्येक तारीख मी वाचनालयात जाऊन दुसऱ्या पुस्तकाशी ताडून पाहतो.

आईला हे सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा. दादा तिला ते पान वाचून दाखवत असे. ऐकून तिला बरे वाटेल की वाईट, मला ठरवता येत नाही.

आपला दीर,
धाकटा

---

रविवार, १३ ऑगस्ट

प्रिय भावोजी,

अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं. “सांगायचं की नाही ते ठरवा” हेसुद्धा वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. आई म्हणाल्या, “हा घाबरट. आईला पत्र लिहितो ते वहिनीच्या आडून.” तेव्हा पुढच्या वेळी सरळ लिहा.

माझं बरं चाललंय. अजून त्याच बाकावर आहे. दिवसभर बाटल्या उजेडाला धरायच्या आणि काचेत बुडबुडा दिसला की बाजूला काढायच्या. डोळे असे झालेत की माणसाकडे बघतानाही आरपार बघते, असं शेजारच्या काकू म्हणतात.

आता आईंचं सांगते. तुम्ही लहान होतात आणि मामांकडे शाळेला होतात, म्हणून तुम्ही फारसं पाहिलं नसेल. तुमचे दादा रात्रपाळी करून आले की अंगाला भट्टीचा वास तसाच. हातपाय धुवायच्या आधी पान फाडायचे. “आई, ऐक. आज एका माणसाला दुर्बिणीतून नवा तारा दिसला.” आई म्हणायच्या, “त्यालाही झोप नव्हती वाटतं, तुझ्यासारखी.” मग चहा. रोज हेच. जगातल्या सगळ्या राजांना आईंनी चुलीपुढे बसून नावं ठेवली आहेत.

ते गेल्यावर पुढचं वर्षभर आमच्याकडे कॅलेंडर नव्हतं. मग एके दिवशी आई बाजारातून स्वतःच घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, “मला अक्षरं शिकव.” आता त्या आपल्या आपण वाचतात. बोट ठेवून. जोडाक्षर आलं की घाटात गाडी थांबावी तशा थांबतात.

तर तुमची बातमी ऐकून त्यांनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. मग म्हणाल्या, “हे धाकट्याच्या हातात आहे ना? मग अकरा जूनला आपल्या पोराचं घाल म्हणावं. नाव नको. नुसतं, असं झालं होतं, एवढंच. इतके राजे घालतात, बुडालेल्या बोटी घालतात. ही नऊ माणसं कुठे बुडाली?”

भावोजी, तुमच्या दादांच्या मागे त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी आजवर पाहिलं नाही. बघा काय जमतं ते.

तुमची,
वहिनी

---

शुक्रवार, ता. २५ ऑगस्ट १९६७

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार. हे पत्र आईला वाचून दाखवू नका.

आधी मी वाचनालयात गेलो. आठ वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे माळ्यावर होते. बातमी सापडली. साखरेच्या भावाच्या खाली चार ओळी आहेत. बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीची भिंत फुटली, वितळलेली काच बाहेर आली, नऊ कामगार दगावले, काम लवकरच पूर्ववत सुरू होईल. मी ती उतरवून घेतली. दोनदा ताडून पाहिली. तारीख, वेळ, सगळे पक्के केले आहे.

मग मालकांकडे गेलो. काय बोलायचे ते कागदावर लिहून नेले होते, तरी मधेच अडखळलो. ते म्हणाले, “लोक हे सकाळी चहाबरोबर वाचतात. चहाबरोबर नऊ मढी कशाला?” मी म्हणालो, मार्चमध्ये आपण एक बोट बुडवली आहे, तिच्यात चारशे माणसे होती. ते हसले. म्हणाले, “ती लांबची आणि शंभर वर्षांपूर्वीची. लांबची माणसे मेली की इतिहास, जवळची मेली की बोभाटा.” मी उभाच राहिलो. तेव्हा आवाज उतरवून म्हणाले, “अरे, त्या कारखान्याच्या बाटल्यांची लेबले कुठे छापतात? इथेच ना? तुझा पगार त्यातूनच निघतो.”

वहिनी, परत येऊन मी अकरा जूनला पुस्तकातले घातले.

आईला सध्या काही सांगू नका. मी विचार करतो आहे.

आपला,
धाकटा

---

रविवार, ३ सप्टेंबर

भावोजी,

सध्या काही सांगू नका म्हणे! तुमचं पत्र येईपर्यंत आई काय हातावर हात ठेवून बसल्या होत्या? मी ज्या दिवशी तुम्हाला लिहिलं त्याच संध्याकाळी त्या गल्लीत सांगून आल्या. “माझ्या धाकट्याच्या हातात आहे. पुढच्या वर्षी येणार.” बाकीच्या आठही घरांत. शेजारच्या काकूंचा नवरा त्या नऊ जणांत होता. त्या तर रडल्याच. आता मी कुणाच्या दारात जाऊन सांगू, की लेबलं आडवी आली?

मी रागावलेय, पण तुमच्यावर नाही. रागवायला जवळ दुसरं कुणी नाही म्हणून तुम्हाला लिहितेय.

आईंना मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. काल त्यांनी विचारलं, “पत्रात काय म्हणतो?” मी म्हटलं, “तारीख पक्की केली म्हणतो.” त्या म्हणाल्या, “ती काय पक्की करायची? ती आपल्याला पाठ आहे.”

आता तुमचं तुम्ही निस्तरा. तुमचे दादा असते तर त्यांनी मालकाची गचांडी धरली असती आणि नोकरी घालवून घरी आले असते. तुम्ही तसं करू नका. पण काहीतरी करा.

वहिनी

---

रविवार, ता. १९ नोव्हेंबर १९६७
दुपारचे तीन

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार.

आजच्या टपालाने एक पुडके पाठवत आहे. त्यात पुढच्या वर्षीचे कॅलेंडर आहे. ते आईचेच आहे. आईला सांगा, ती ओळ त्यात आहे. कशी आली ते विचारू नका. बाजारात मिळणाऱ्या कॅलेंडरात ती दिसणार नाही, तेव्हा गल्लीत कुणी ताडून पाहू लागले तर त्यांना आपल्या घरी बोलवा.

एक काळजी मात्र नक्की घ्या. पाने आधी उचकटून पाहू नका. ते पान मी मैद्याच्या खळीने चिकटवले आहे, ओढले तर सुटेल किंवा तिरके होईल. रोज सकाळी एक पान फाडायचे, एवढेच करा. त्याचा दिवस आला की ते आपोआप समोर येईल. मला ते आईला असेच, एके दिवशी अचानक दिसायला हवे आहे. दादा वाचायचा तसे.

मजकूर दहा वेळा तपासला आहे. चूक नाही.

आई कशी आहे? ती स्वतः दोन ओळी लिहील का?

आपला,
धाकटा

---

रविवार, ७ जानेवारी १९६८

प्रिय भावोजी,

अनेक आशीर्वाद.

पुडकं पोचलं. आईंनी दोरीची गाठ कापू दिली नाही, स्वतःच सोडवत बसल्या. तुम्ही मारलेली गाठ! अर्धी सकाळ त्यातच गेली. मी काकूंना सांगून टाकलं, कुणी आमच्या कॅलेंडरला हात लावायचा नाही, ते नाजूक आहे. काकू म्हणाल्या, “कॅलेंडर आहे की नवी नवरी?”

चुलीवरच्या खिळ्यावरून ते आता खोलीत, आईंच्या खाटेशेजारी लावलंय. तिकडे धूर फार होतो. आई पडल्या पडल्या हात लांब करून पान फाडतात. थंडी सरेपर्यंत अंगावर घेऊन पडावंसं वाटतं त्यांना, बाकी काही नाही. लिहायचं म्हणालात, पण बोटं आखडतात म्हणतात. पुढे लिहितील.

परवा एका सेनापतीनं नदी ओलांडली ते वाचलं आणि म्हणाल्या, “आम्ही रोज नळावरून दोन हंडे आणतो, ते कोण छापतं?” म्हणजे ठीक आहेत.

रोज एकदा अंदाजानं जाडी चाचपून पाहतात. जून किती खाली असेल, असं.

तुमची,
वहिनी

---

शुक्रवार, ता. ३ मे १९६८

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या मागच्या पत्रातही आई ठीक आहे हे वाचून हायसे वाटले. खाट धुरापासून लांब आहे हे बरेच झाले. मला तिच्या खोकल्याची काळजी वाटत होती.

शाळा सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे वह्यांच्या वेष्टनांची आणि प्रवेशअर्जांची घाई असते. जूनच्या पंचवीस तारखेनंतरच सुट्टी मिळेल असे मालक म्हणतात. तेव्हा येतो. तोपर्यंत ते पान येऊन गेलेले असेल. ती वाचेल तेव्हा तिचा चेहरा कसा होतो तो मला नीट लिहून कळवा. तुम्ही बाटल्या पाहता तसे पाहा.

आपला,
धाकटा

---

बुधवार, १२ जून
सकाळी

भावोजी,

काल अकरा तारीख होती.

आई पहाटेपासून जाग्या. मला म्हणाल्या, केस विंचरून दे. मी विंचरून दिले, उशीला टेकवून बसवलं. काकू आल्या, त्यांच्यामागे आणखी चार घरांतल्या बाया. कुणी कामावर गेल्या नव्हत्या. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आईंनी दहा तारखेचं पान फाडलं आणि अकराच्या पानावर बोट ठेवलं. जोडाक्षरं होती, म्हणून हळूहळू वाचत गेल्या. मी त्यांच्या खांद्यावरून आधीच वाचलं होतं. मला थांबवता आलं नाही.

कुणा एका राजाचं लग्न झालं होतं या दिवशी. चारशे वर्षांपूर्वी.

आईंनी पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू वाच, माझं चुकतंय.” मी वाचलं. काकूंना राहवलं नाही. म्हणाल्या, “धाकट्यानं राजाचं लग्न लावून दिलं गं.” कुणी हसलं नाही. एकेक करून सगळ्या निघून गेल्या.

“चूक नाही” म्हणून लिहिलं होतंत. खळीनं चिकटवलंय म्हणून लिहिलं होतंत. मला खरंच वाटलं, भावोजी. जमलं नव्हतं तर मला एकटीला तरी सांगायचं. मी काहीतरी बनवून सांगितलं असतं. मी एवढा काळ त्यांना काय काय बनवून सांगतेय ते तुम्हाला माहीत नाही.

आता तेही लिहून टाकते. आई थंडीपासून खाटेवरून उठलेल्या नाहीत. डाव्या अंगात जोर नाही. डॉक्टर म्हणतात, आता फक्त सांभाळायचं. आईंनीच मला लिहू दिलं नाही. “पोरगं नोकरी टाकून पळत येईल, आणि ते पान राहील.” त्यांना ते पान बघायचं होतं.

आज सकाळी मी सवयीनं कॅलेंडरकडे हात नेला. त्या म्हणाल्या, “राहू दे. हा दिवस फाडू नकोस. आता पुढचं काय वाचायचंय?”

तेव्हा आमच्याकडे अजून अकराच तारीख आहे.

वहिनी

---

तार
शनिवार, १५ जून १९६८, दुपारी १.०५

पुढचे पान फाडा. आईला लगेच दाखवा. निघतो आहे.
धाकटा

---

रविवार, ३० जून

प्रिय भावोजी,

अनेक आशीर्वाद.

तुम्ही इथे सहा दिवस राहिलात, पण आपण दोघंही त्यावर बोललो नाही. तुम्ही छपराची गळती काढलीत, खाटेची दोरी आवळलीत, माझ्या बाकावर घालायची गादी शिवून दिलीत. मी भाकऱ्या भाजल्या. समोर माणूस असला की मला बोलता येत नाही. म्हणून लिहिते.

रविवारी, सोळा तारखेला दुपारी आई गेल्या हे तुम्हाला सांगितलंच आहे. तुमची तार सोमवारी सकाळी आली. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी इथलं तारघर बंद असतं. घर माणसांनी भरलेलं होतं. तारवाल्याला वाटलं, तुम्ही येताय याचीच तार असणार, म्हणून त्यानं दारातूनच मोठ्यानं वाचली. “पुढचे पान फाडा.” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काकूंचा दीर म्हणाला, “धक्क्यानं पोराचं डोकं फिरलं.”

मला मात्र लगेच कळलं. मी उठले, खोलीत गेले आणि अकराचं पान फाडलं.

भावोजी, ते एकच पान खाली होतं. बुधवारी माझा हात त्याच्यापर्यंत गेला होता.

मी ते वाचलं. मग काकूंनी वाचलं. काकूंना वाचता येतं, पण त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी वाचलं:

“१९५९ – बाटल्यांच्या कारखान्यात भट्टी फुटून नऊ कामगार गेले. त्यांपैकी एक जण रोज सकाळी आईला हे पान वाचून दाखवीत असे.”

काकूंनी पानाला हात लावला आणि मागे घेतला. तुमची खळ घट्ट होती. पान तसूभरही तिरकं नव्हतं.

संध्याकाळी तुम्ही पोचलात, भिंतीकडे बघितलंत आणि समजलात. तुमचा चेहरा मी नीट पाहिला. तो मी तुम्हाला लिहून कळवणार नाही.

आता तारखेचं. तुम्ही जाताना पुटपुटलात, “वर्तमानपत्रात बारा तारखेचे पहाटे दोन वाजून दहा मिनिटे होते.” होतंच. ते मला कुणी शिकवायला नको, मी त्या फाटकाबाहेर उभी होते. पण कारखान्यात रात्रपाळीची तारीख माणूस आत जातो त्या दिवसाची धरतात. दहा वाजता आत गेला की सकाळी सहाला बाहेर येईपर्यंत तो त्याच तारखेला असतो. त्यांची हजेरी अकराला लागली होती. पगारही अकरापर्यंतचा मिळाला. बारा तारीख त्या नऊ जणांवर उजाडलीच नाही. म्हणून नऊही घरं अकरा धरतात. त्यात कुणाची चूक नव्हती, भावोजी. एकदा विचारलं असतंत. पंधरा पैशांचं पत्र.

आणखी एक आहे. ते लिहू की नको असं आठवडाभर चाललंय. शुक्रवारी आई बऱ्यापैकी शुद्धीत होत्या. मीच तुमच्याबद्दल काही बोलले, रागानं. त्या म्हणाल्या, “त्याला बोलू नकोस. तो लहानपणापासून भित्रा. मालकासमोर त्याचं तोंडच उघडलं नसेल. मग मला वाईट वाटू नये म्हणून खोटं लिहिलं असेल. माया आहे त्याला.” आणि मग म्हणाल्या, “आला की त्याला सांग, मी काही मनात धरलं नाही.”

ते मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही भित्रे नव्हतात, हे त्यांना न कळताच त्या गेल्या. त्यांनी मनात धरलं असतं त्यापेक्षा हे मला जड वाटलं.

पान माझ्याकडे आहे. तुम्हाला हवं असलं तर पाठवते.

तुमची,
वहिनी

---

रविवार, ता. १४ जुलै १९६८
सकाळचे नऊ

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार.

पान तुमच्याकडेच असू द्या.

तुमचे पत्र मी पुष्कळदा वाचले. आईचे ते वाक्य तुम्ही लिहिलेत हे बरे केलेत. तिचे फार चुकले असे नाही. मी भित्राच आहे. मालकांना घाबरून मी चोरून छापले, आणि चूक छापली जाईल याला घाबरून वर्तमानपत्रावर विश्वास ठेवला. तुम्ही पत्रात अकरा लिहिले होते. मला वाटले, दुःखात माणूस रात्र धरतो, तारीख धरत नाही. आईच्या हातात छापील चूक जायला नको. एक दिवस उशिरा वाचेल, पण खरे वाचेल, असे मी मनाशी म्हणालो होतो. तुम्हा दोघींना शिकवल्यासारखे होईल म्हणून विचारले नाही.

ते पान कसे काढले ते तुम्ही कधी विचारले नाहीत. मीच विचारू नका म्हटले होते. आता सांगतो. बारा जूनचा मजकूर मशीनवर चढलेला होता. सगळ्या प्रती निघाल्यावर मी खालच्या दोन ओळींचे खिळे काढून माझ्या ओळी बसवल्या आणि मशीनवाल्याला म्हणालो, एकच प्रत काढ. तो म्हणाला, “एका प्रतीसाठी मशीन? तू कोण, राजा?” पण काढली. वाचली आणि शाई पुसायला लागला.

परवा मी मालकांना सगळे सांगितले. या वेळी कागदावर लिहून नेले नव्हते. ते म्हणाले, “मला जानेवारीतच कळले. मशीनवाल्याच्या पोटात काही राहते का?” मी विचारले, मग तुम्ही बोलला का नाहीत? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, “म्हातारीने वाचले?” मी म्हणालो, नाही. ते बराच वेळ पुढच्या वर्षीचे प्रूफ चाळत बसले. त्यांना ते वाचता येत नव्हते, कारण चष्मा हातातच होता. मग म्हणाले, “किती घरे आहेत? नऊ? नऊ काढ. बाजारात एक जरी दिसले तर तुला आणि मशीनवाल्याला दोघांनाही हाकलीन. आणि नऊ कॅलेंडरांचे पैसे तुझ्या पगारातून कापीन.”

तेव्हा नोव्हेंबरमध्ये नऊ पुडकी येतील. आकडा अकरा असेल. राजाचे लग्न तिथून काढून टाकले आहे. मजकुरात एक बदल हवा होता, आठ घरांसाठी. त्या आठ जणांपैकी कोण सकाळी घरी येऊन काय करत असे ते मला माहीत नाही. काकूंना विचारा, आणि बाकी सात घरीही विचारा. एकेक ओळ पुरेल. प्रत्येक घरचे पान वेगळे जुळवीन. या वेळी विचारूनच.

गाठी सैल मारीन.

मी निघताना तुम्ही म्हणालात म्हणून हिशेब लिहितो. काही राहिले असेल तर कळवा.

तार, १५ जून: दोन रुपये दहा पैसे. दिले.

जाण्यायेण्याचे भाडे: एकवीस रुपये ऐंशी पैसे. त्यातले पंधरा मशीनवाल्याकडून उसने. देणे आहेत.

डॉक्टरांची बाकी, तुम्ही मला सांगितली नव्हती ती: तीस रुपये. निघताना त्यांच्याकडे जाऊन दहा दिले. वीस देणे आहेत. तुम्ही देऊ नका.

नऊ कॅलेंडरे, प्रत्येकी सव्वा रुपया: सव्वाअकरा रुपये. मालकांना देणे, पगारातून.

खळीसाठी मैदा: दहा पैसे. दिले.

एक पत्र, मागच्या ऑगस्टमध्ये, तुम्ही अकरा का धरता एवढेच विचारायला: पंधरा पैसे. हे खर्च झाले नाहीत.

आपला,
धाकटा